नव्वद दिवस नकोत, दहा तरी द्या

पत्र, थोडक्यात

जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळच्या ग्विनेट काउंटीत २०१३ पासून राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने नाशिकला कायमचं परतायचं ठरवलं आहे. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला, त्या एकट्या आहेत, आणि दोन महिन्यांत निघायचं आहे. राहतं घर विकायचं म्हणताच दोन गिऱ्हाइकं आली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भाड्याने देण्यासाठी शेकड्यांनी घरं घेणारी एक कंपनी. तिची ऑफर ४ लाख ५ हजार डॉलरची: पैसे रोख, घर आहे त्या स्थितीत, चौदा दिवसांत क्लोजिंग (म्हणजे पैसे देऊन घर नावावर होणं), मध्ये एजंट नाही. दुसरं गिऱ्हाईक त्याच वसाहतीत, अशाच एका कंपनीच्या घरात भाड्याने राहणारं जोडपं. ती नर्स, तो शाळेची बस चालवतो. त्यांची ऑफर ४ लाख १२ हजारांची, पण कर्ज एफएचएचं (म्हणजे सरकारी विम्याचा आधार असलेलं), क्लोजिंगच्या खर्चात ६ हजारांची मदत हवी आणि चाळीस दिवस लागणार. कंपनीचा माणूस म्हणतो, राज्यात आमच्यासारख्या कंपन्यांच्या घरखरेदीला लगाम घालणारा कायदा येतोय, तो आला की अशी ऑफर कुणी देणार नाही, शुक्रवारपर्यंत सही करा. समोरच्या मराठी काकू म्हणतात, "कंपनीला दिलंत तर जाताना आमची गल्ली बिघडवून जाल. आपल्या ग्रुपवर टाकू, आपल्यातलाच कुणीतरी घेईल." नवऱ्याचं म्हणणं तिसरंच: विकायचंच नाही, एलएलसी, म्हणजे आपलीच छोटी कंपनी, काढून भाड्याने देऊ. पण मग तो कायदा आपल्यालाच लागला तर? वाचक विचारतात: "कायद्याने बंदी नाही, मग कंपनीला घर विकण्यात चूक काय? आणि चूक नसेल तर मला झोप का लागत नाही?"

उत्तर

ताई,

शुक्रवारची मुदत आधी बाजूला ठेवू या. ती डोक्यावर असताना बाकी काही नीट दिसायचं नाही.

"कायदा येतोय" हे अर्धंच खरं आहे. गेली काही वर्षं अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या विधिमंडळांत अशा कंपन्यांना लगाम घालणारी विधेयकं मांडली जात आहेत. जानेवारी २०२६ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही मोठ्या गुंतवणूकदारांना सिंगल-फॅमिली, म्हणजे एका कुटुंबासाठी बांधलेली सुटी घरं घेण्यापासून रोखणार असं जाहीर केलं. पण मांडणं वेगळं आणि होणं वेगळं. नेवाडात २०२३ साली विधिमंडळाने मर्यादा मंजूरही केली होती, तीही एवढीच की वर्षाला हजाराहून जास्त घरं घेऊ नका. गव्हर्नर लोम्बार्डो यांनी नकाराधिकार वापरला आणि ते विधेयक तिथेच थांबलं. डिसेंबर २०२३ मध्ये सिनेटर जेफ मर्कली यांनी अशा कंपन्यांना दहा वर्षांत सगळी घरं विकायला लावणारं विधेयक काँग्रेसमध्ये आणलं, त्याचाही कायदा झाला नाही. जॉर्जियाचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, चाळीस कामकाजाच्या दिवसांचं असतं, आणि मंजूर झालेले बहुतेक कायदे १ जुलैपासून लागू होतात. यातलं काहीही कुठल्या शुक्रवारी होत नसतं. ती मुदत त्या माणसाच्या विक्रीची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे सगळे कायदे घर घेणाऱ्याकडे बघतात. विकणाऱ्या कुटुंबाला ते शिक्षा करत नाहीत. तुमच्या प्रश्नातला "कायद्याने बंदी नाही, मग" हा भाग मला तिथेच अडकल्यासारखा वाटतो. तुम्ही कायद्याला असा प्रश्न विचारताय जो त्याने कधी स्वतःला विचारलेलाच नाही.

मग कायदे नेमकं करतात काय? दोन उदाहरणं सांगते, कारण तुमच्या निर्णयाची किल्ली मला त्यातच दिसते. कॅलिफोर्नियाने २०२० साली एक कायदा केला. बँकेने जप्त केलेल्या घराचा लिलाव झाला की तिथे राहणारा भाडेकरू, स्वतः राहण्यासाठी घर शोधणारं कुटुंब किंवा ना-नफा संस्था यांना पुढचे पंचेचाळीस दिवस मिळतात. तेवढ्यात त्यांनी ठराविक नियमांनुसार पैसे उभे केले तर कंपनीची लिलावातली बोली मागे पडते. शिवाय अशी घरं गठ्ठ्याने विकायलाही बंदी घातली. न्यूयॉर्कने २०२५ च्या अर्थसंकल्पाबरोबर नियम केला: दहा किंवा जास्त एक-दोन कुटुंबांची घरं आणि किमान ३ कोटी डॉलरची मालमत्ता हाताळणाऱ्या गुंतवणूकदाराने घर बाजारात आल्यापासून नव्वद दिवस ऑफरच द्यायची नाही.

दोन्ही कायद्यांनी कुणाचं घर काढून घेतलं नाही की किंमत ठरवली नाही. त्यांनी साध्या माणसाला वेळ दिला. कंपनी आणि नर्स यांच्यातला खरा फरक पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. तुमच्या दोन ऑफरांकडेच बघा. नर्सबाई सात हजार जास्त देतायत. हरतायत त्या चाळीस दिवसांवर.

जॉर्जियात तुमच्यासारख्या विक्रीत असे नव्वद दिवस थांबवणारा नियम नाही. पण तो वेळ द्यायचा अधिकार तुमच्या हातात आजही आहे, त्यासाठी कुठल्या विधेयकाची वाट बघायला नको. आणि तुम्हाला स्वतःला घाई कुठे आहे? तुम्ही निघणार साठ दिवसांनी. चौदाव्या दिवशी क्लोजिंग झालं तर उरलेले सहा आठवडे सामानासकट राहणार कुठे? हॉटेलात, किंवा त्याच कंपनीला भाडं देऊन स्वतःच्याच जुन्या घरात. चाळीस दिवस तुमच्या वेळापत्रकात जास्त नीट बसतात. रोख पैशाच्या वेगाचं आपल्याला इतकं अप्रूप असतं की तो वेग आपल्या उपयोगाचा आहे का, हे विचारायचंच राहून जातं.

आता काकूंकडे येते, कारण झोप उडवली आहे ती त्यांनी.

त्यांची काळजी निराधार नाही. २००८ च्या मंदीत अटलांटाभोवतीच्या काउंट्यांत हजारो घरं जप्त झाली. जॉर्जियात असे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर होतात. हाती रोख असलेल्यांसाठी तो काळ सुगीचा होता. २०११ पर्यंत हजाराहून जास्त सुटी घरं भाड्याने देणारा एकही मालक देशात नव्हता. २०२२ पर्यंत बत्तीस मोठ्या गुंतवणूकदारांकडे मिळून सुमारे साडेचार लाख घरं होती. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा, जीएओचा २०२४ चा अहवाल हे सांगतो. देशभरातल्या भाड्याच्या सुट्या घरांत हा वाटा जेमतेम ३ टक्के. पण अटलांटात तो २५ टक्के, जॅक्सनव्हिलमध्ये २१, शार्लटमध्ये १८. म्हणून बॉस्टनच्या मैत्रिणीला तुमचा प्रश्न कळणार नाही आणि तुमच्या गल्लीत मात्र तो रोज दारात उभा असतो. शिवाय मालक कोण तेही पटकन कळत नाही. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचे टेलर शेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने नोंदी जुळवल्या तेव्हा अटलांटाच्या पाच काउंट्यांत तीनच कंपन्यांची १९,००० वर घरं सापडली, आणि ती नोंदली होती १९० हून जास्त वेगवेगळ्या नावांनी.

भाडेकरूंचा अनुभवही अनेकदा चांगला नसतो. फुल्टन काउंटीतल्या घर रिकामं करण्याच्या दाव्यांचा एक अभ्यास अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०१६ साली प्रसिद्ध केला. छोट्या मालकांपेक्षा मोठ्या कंपन्या असे दावे जास्त दाखल करतात, असं त्यात दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या अशा कंपनीने, इन्व्हिटेशन होम्सने, फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपांनंतर ४ कोटी ८० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आरोप छुप्या शुल्कांचे आणि डिपॉझिट अडकवून ठेवण्याचे होते. मी स्वतः अशा एका कंपनीच्या घरात दोन वर्षं भाड्याने राहिले आहे. जुलैत एसी बंद पडला आणि पोर्टलवर तक्रार टाकून अकरा दिवस आम्ही वाट बघितली. फोन उचलणारा माणूस दर वेळी वेगळा, आणि कुणालाच आमचं घर नेमकं कुठे आहे ते माहीत नसायचं. अकराव्या दिवशी शेजारच्या आजोबांनी त्यांचा खिडकीतला एसी आणून दिला. एसी बंद पडल्याचं दुःख मी विसरले. आपलं म्हणणं ऐकणारं समोर कुणीच नाही ही भावना मात्र अजून आठवते.

पण काकूंचं "भाडेकरू आले की गल्ली बिघडते" हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मान्य करू नका. तुमच्यासमोरची नर्स भाडेकरूच आहे. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं तुम्ही आणि मी, आणि बहुधा काकूही, भाड्यानेच राहिलो. जीएओने जे अभ्यास तपासले त्यांत मोठ्या गुंतवणूकदारांमुळे किमती आणि भाडी वाढायला हातभार लागला असावा असं दिसतं. पण मंदीनंतर ओस पडलेली घरं त्यांनी दुरुस्त करून वसती केली हेही दिसतं, आणि भाडेकरूंवर एकूण काय परिणाम झाला ते स्पष्ट नाही असंही तो अहवाल म्हणतो. डाउन पेमेंट जमलेलं नाही पण मुलांना चांगल्या शाळेत घालायचं आहे, अशा कुटुंबाला त्या शाळेजवळ अंगणाचं घर भाड्यानेच मिळतं. तक्रार करायची तर ती न सापडणाऱ्या मालकाबद्दल करावी, भाडेकरूबद्दल नाही.

काकूंच्या दुसऱ्या सूचनेबद्दल मात्र मला स्पष्टच लिहायला हवं. "आपल्यातलाच कुणीतरी" या विचारामागची माया मला कळते. पण अमेरिकेत १९६८ पासून घर विकताना वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाईक निवडायला बंदी आहे. पुढे त्यात लिंग, अपंगत्व आणि घरात लहान मुलं आहेत की नाहीत हेही आलं. मराठी ग्रुपवर घराची बातमी द्यायला हरकत नाही, पण ती सगळीकडे देताना तिथेही द्यावी. घर फक्त तिथेच फिरवलं आणि बाकीच्यांना "विकलं" म्हणून सांगितलं, तर कंपनीला न विकण्याच्या चांगल्या हेतूने तुम्ही खरोखरच्या बेकायदेशीर गोष्टीत पाय घालाल. गिऱ्हाईक फोटोसकट भावनिक पत्र पाठवतं, त्याबाबतीतही एजंट सावध करतात ते याचसाठी. तुम्ही काय विचारू शकता? घर घेणारा तिथे स्वतः राहणार आहे का, हे विचारू शकता. तो प्रश्न कायद्यात बसतो, आणि तुमच्या मनातला खरा प्रश्न तोच आहे. एक गोष्ट आणखी. एफएचए कर्जाची अटच अशी असते की घेणाऱ्याने साठ दिवसांत राहायला जायचं आणि किमान एक वर्ष तिथे राहायचं. तुम्हाला हवी ती हमी त्या कर्जात आधीपासून लिहिलेली आहे. वर्षानंतर त्या दोघांनी काय करावं ते मात्र तुमच्या हातात नाही, ते सोडून द्या.

यजमानांच्या पर्यायाला मी जरा जास्त वेळ देणार आहे. परत जाणाऱ्या कितीतरी घरांत हाच विचार चाललेला असतो: "घर राहू दे, भाडं येत राहील, मुलगी तिथेच शिकतेय."

आधी त्यांची भीती. एक घर एलएलसीच्या नावावर घेतलं म्हणून तुम्ही या कायद्यांच्या नजरेत कंपनी ठरत नाही. प्रत्येक कायदा आकड्याची रेघ ओढतो. न्यूयॉर्कची दहा घरांची सांगितलीच. जॉर्जियाने २०२५ साली केलेल्या कायद्याची रेघ पंचवीस घरांची आहे, राज्याबाहेर राहून इथे पंचवीस किंवा जास्त घरं भाड्याने देणाऱ्यांसाठी. आपल्याकडेही हीच रीत आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल, तर तिला त्या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी मात्र एलएलसी काढताना जपून राहावं. तिथल्या २०१९ च्या भाडेवाढ मर्यादेतून सुट्या घराला सूट मिळू शकते, पण मालक कॉर्पोरेशन असेल किंवा एलएलसीत एखादी कॉर्पोरेशन सदस्य असेल तर ती सूट जाते. म्हणजे नाव कुणाचं लावलं यावर कायदा बदलतो. कुणीतरी सांगितलं म्हणून एलएलसी काढू नका, आधी राज्यातल्या वकिलाला विचारा.

जॉर्जियाचा तो पंचवीस घरांचा कायदा काय सांगतो ते यजमानांना मुद्दाम वाचून दाखवा. तुम्ही राज्याबाहेर बसून घरं भाड्याने देत असाल तर इथे परवानाधारक ब्रोकर ठेवा आणि भाडेकरूच्या तक्रारी ऐकणारी माणसं इथेच ठेवा. २०२६ च्या सुरुवातीपासून तो लागू आहे. तुमच्या एका घराला तो लागू नाही. पण ज्या दुखण्यावर तो औषध म्हणून आला, ते दुखणं तुमच्या एका घराला व्हायला किती वेळ लागेल? सासूबाईंना फिजिओथेरपीला नेताना नाशिकमध्ये दुपारी दोन वाजता तुमचा फोन वाजेल, तेव्हा ग्विनेटमध्ये उजाडलेलं नसेल आणि कुणाच्या तरी तळघरात पाणी भरलेलं असेल. कंपनीच्या घरात मला जो न सापडणारा मालक भेटला, तो तुम्ही व्हाल. वाईट मनाने नाही, अंतरामुळे.

शिवाय काही कायदे एका घराच्या मालकालाही सोडत नाहीत. १ जुलै २०२४ पासून जॉर्जियात भाड्याचं घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि भाडं थकलं तर दावा लावण्याआधी तीन कामकाजाचे दिवस लेखी नोटीस द्यावी लागते. तुम्ही राहत नसाल तर मालमत्ता करातली होमस्टेड, म्हणजे राहत्या घराला मिळणारी, सवलत जाईल. तुमच्या एचओएने, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाने, भाड्याच्या घरांवर मर्यादा घातली आहे का, किंवा ती घालायला सह्या गोळा होत आहेत का, तेही बघा. अटलांटाभोवतीच्या अनेक वसाहती कंपन्यांना दूर ठेवायला हाच मार्ग धरतात, आणि कंपनीसाठी केलेला नियम परदेशी गेलेल्या शेजाऱ्यालाही लागतो.

आता कर, कारण इथे चूक महाग पडते. राहतं घर विकताना, विक्रीआधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तुम्ही तिथे राहिला असाल, तर पती-पत्नीला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा केंद्रीय आयकरातून माफ आहे. तुम्ही लिहिलं आहे की घर १ लाख ९० हजारांना घेतलं होतं. आज विकलंत तर सगळा नफा त्या मर्यादेत बसतो. भाड्याने दिलंत तर ही सवलत साधारण तीन वर्षं जिवंत राहते, मग संपते, आणि भाड्याच्या काळात घेतलेली घसाऱ्याची वजावट विकताना कराच्या रूपाने अंगावर येते. ग्रीन कार्ड परत केलंत की अमेरिकेच्या कर खात्यासाठी तुम्ही परदेशी ठराल. मग भाड्यावर, योग्य अर्ज भरला नाही तर, एकूण रकमेच्या तीस टक्के कापले जातील, आणि घर विकताना घेणाऱ्याला साधारणपणे किमतीच्या पंधरा टक्के रक्कम कर खात्याकडे भरावी लागेल. ती विवरणपत्र भरून सोडवून घ्यावी लागते. भारतात परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं "रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही" हा दर्जा तुम्हाला मिळू शकतो, तेव्हा अमेरिकेतल्या भाड्यावर भारतात कर लागत नाही. तो दर्जा संपला की ते भाडं भारतातल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, आणि ते घरही परदेशी मालमत्तेच्या रकान्यात. घर ठेवायला परवानगी आहे, अडचण परवानगीची नाही. दोन देशांची दोन विवरणपत्रं, एक आजारी माणूस आणि हजारो मैलांवरचं एक छप्पर, एवढं ओझं या वर्षी उचलायचं का, हे दोघांनी बसून ठरवा. मला विचाराल तर, तुमचीही मुलगी असेल आणि ती त्याच घरात राहून शिकणार असेल, तरच मी याचा विचार करेन.

उरल्या दोन ऑफरा. हिशेब कागदावर मांडा. नर्सबाईंच्या ४ लाख १२ हजारांतून मदतीचे ६ हजार वजा केले की ४ लाख ६ हजार उरतात. त्यातून जास्तीच्या सव्वीस दिवसांचा हप्ता, एचओए, विमा, आणि एफएचएच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कर्जासाठीच्या मूल्यांकनात, खराब छप्पर किंवा पोपडे आलेला रंग दिसला तर त्याची दुरुस्ती वजा करा. त्यांच्या बाजूने एजंट असेल तर त्याचे पैसे कोण देणार हे आत्ताच लेखी ठरवा. कंपनीच्या ४ लाख ५ हजारांतून सहा आठवड्यांच्या राहण्याचा खर्च वजा करा, आणि तिची "सेवा फी" कराराच्या कुठल्या पानावर आहे ते शोधा. मग एक गोष्ट नीट बघा. जॉर्जियाच्या करारात ड्यू डिलिजन्सचा काळ असतो. त्या दिवसांत घेणारा कुठल्याही कारणाने करार मोडू शकतो. तो संपेपर्यंत "रोख" ऑफरही पक्की नसते. इन्स्पेक्शननंतर बाराव्या दिवशी "दहा हजार कमी करा" असा फोन येतो आणि तोवर तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला नकार दिलेला असतो. म्हणून कंपनीला सांगा: ड्यू डिलिजन्स तीन दिवसांचा, अर्नेस्ट मनी (इसाऱ्याची रक्कम) परत न मिळणारी, आणि करार दुसऱ्या कुणाच्या नावे फिरवायची मुभा नाही. शेवटची अट मान्य नसेल तर समोर कंपनी नसून कराराची दलाली करणारा माणूस असण्याची शक्यता आहे.

नर्सबाईंना दहा दिवस द्या. त्या दहा दिवसांत त्यांनी कर्जाची कच्ची मंजुरी नाही, तर कागदपत्रं तपासून झालेली मंजुरी आणावी, इन्स्पेक्शन उरकावं, आणि अप्रेझल कमी आलं तर फरक किती भरू शकतील ते लिहून द्यावं. जॉर्जियात क्लोजिंग वकील करतात, तेव्हा आजच एक वकील गाठा आणि निघण्याआधी मुखत्यारपत्र तयार करून ठेवा. चाळीसचे पंचावन्न दिवस झाले तर तुम्ही विमानात असाल आणि सही अडणार नाही. हे सगळं जमलं, आणि दोन्हीकडच्या हिशेबातला फरक पाच-सात हजारांचाच निघाला, तर मी घर नर्सबाईंना देईन. बारा वर्षं ज्या रस्त्यावर तुम्ही राहिलात, तिथे दहा दिवसांच्या थांबण्याने एक भाडेकरू मालक होतो. हे मला फार मोठं वाटतं, आणि तुमची झोपही त्याच बाजूला आहे असं पत्रावरून दिसतं.

आणि नाही जमलं तर? कर्ज नामंजूर झालं, किंवा फरक चाळीस हजारांचा निघाला आणि सासूबाईंच्या उपचारांना तो पैसा हवा आहे, तर कंपनीला विका. दहा दिवस देऊन मग विकणं आणि शुक्रवारच्या धाकाने विकणं यात फरक आहे, तो तुमचा तुम्हाला कळेल. एका घराने ग्विनेटचा बाजार फिरत नाही, तो भार खांद्यावर घेऊ नका. तो विधिमंडळाचा भार आहे. जाण्याआधी तुमच्या भागाच्या प्रतिनिधीला एक ईमेल लिहा. मत देता येत नसलं तरी रहिवासी म्हणून लिहिता येतं: घर विकताना मला कुणी वेळ दिला नाही, न्यूयॉर्कसारखा थांबण्याचा काळ जॉर्जियातही असावा. विकणाऱ्याच्या तोंडून हे क्वचितच ऐकू येतं.

काकूंशी बोलायला स्वतः जा, फोनवर नको. त्यांना हिशेबाचा कागद दाखवा. ग्रुपवर टाकायची बातमी तुम्हीच लिहून द्या, घराची किंमत, खोल्या आणि घर बघायला यायची वेळ, एवढीच. नर्सबाईंशी त्यांची ओळख नसेल तर त्याच संध्याकाळी करून द्या. त्या दोन गल्ल्या सोडूनच राहतात ना?

शुक्रवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला तर सांगा, पुढच्या सोमवारनंतर बोलू. त्याची ऑफर तेव्हाही असेल, असा माझा अंदाज आहे. आणि नाशिकला पोचलात की सासूबाई कशा आहेत ते नक्की कळवा.